यादीतली शेवटची ओळ

“गाता येत नसन वो तिले. येत असतं तं एवढ्या वर्सात एकडाव तरी गायली नसती का?”

भिंतीपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी सिंधूआत्याच्या खोलीत, तिच्या लहान तानपुऱ्याची गवसणी मांडीवर घेऊन बसले होते. आत्याची तेरवी होती. रिठदच्या त्या घरात सकाळपासून माणसांची ये-जा चालली होती. मागच्या पडवीत शेजारच्या बायका पुऱ्या लाटत होत्या आणि लाटता लाटता आत्याबद्दल बोलत होत्या. “निस्त्या तारा छेडत बसे बिचारी, दुसऱ्याच्या मागं,” दुसरी म्हणाली. “तेई काम लागतेच म्हणा कोणाले तरी.” मग कढईत पुरी सोडल्याचा आवाज आला, कुणीतरी झारा मागितला आणि विषय तिथंच संपला. त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. इतकी वर्षं जे डोळ्यांना दिसलं तेच त्या बोलत होत्या.

मी उठले, दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि परत येऊन बसले. पुन्हा उठले. असं तीन-चार वेळा झालं असेल. आत्याला गाता येत होतं. मागच्या वर्षी मे महिन्यात ती लोकांसमोर गाणारही होती, आयुष्यात पहिल्यांदा. ती गायली नाही, ती माझ्यामुळे. हे मला त्याच सकाळी, दहाएक मिनिटांपूर्वी, गवसणीच्या आतल्या खिशात सापडलेल्या एका कागदावरून कळलं होतं. कडी काढायची, पडवीत जायचं आणि एवढंच सांगायचं... ते माझ्याच्यानं झालं नाही. पुऱ्या लाटून झाल्या, पंगती उठल्या, माणसं निघून गेली, आणि मी तो कागद पर्समध्ये घालून संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत आले.

सिंधूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. सासर रिठदचं, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. जाऊबाई, म्हणजे आमच्या कमलकाकू, आणि ती एकाच घरात दोन चुलींवर आणि एकाच चहाच्या पातेल्यावर राहत होत्या. शाळा सोडली तर तिचं दुसरं काम एकच, केनवडचं गाणं.

केनवडला मे महिन्यात तीन दिवस संगीत महोत्सव होतो. गावात त्याला महोत्सव कुणी म्हणत नाही, ‘गाणं’ म्हणतात. “यंदा गाणं कवा हाय?” असं एप्रिलपासून विचारलं जातं. आत्याच्या गुरुजींनी तो सुरू केला. ते गेल्यावर आत्यानं आणि तबला वाजवणाऱ्या गजाननकाकांनी चालवला. बाजाराच्या अंगाला पत्र्याचं एक मोठं गोदाम आहे. तूर-हरभरा उचलला गेला की मे महिन्यात ते रिकामं असतं. मग ते झाडून, पाणी शिंपडून, सतरंज्या अंथरल्या जातात, तरी तीन दिवस नाकात तुरीची धूळ असतेच. पहाटे साडेपाचला शास्त्रीय गायन, ऊन चढायच्या आत संपणारं. दिवेलागणीला आताचं गाणं, म्हणजे गिटार, कीबोर्ड, अमरावती-अकोल्याकडची कॉलेजची मुलं आणि गेल्या काही वर्षांपासून कामरगावचा एक बँड.

या गाण्याच्या दोन रीती मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. पहिली कूलरची. गोदामात चार मोठे कूलर लावतात आणि ते असा आवाज करतात की आलाप ऐकूच येऊ नये. म्हणून मोठा ख्याल सुरू व्हायचा झाला की आत्या तानपुऱ्यामागून डावा हात वर करायची. बोलायची नाही. कूलरजवळ बसलेली माणसं आपापलं बटण दाबायची, आणि दोनशे माणसं घामाच्या धारा पुसत ऐकत बसायची. नागपूरहून आलेले एक गायक एकदा संकोचून म्हणाले, “आमच्यासाठी एवढं उकडून घेता तुम्ही?” आत्या म्हणाली, “तुमच्यासाठी नाही जी, सुरासाठी. तुमच्यासाठी मठ्ठा केलाय.” दुसरी रीत पत्र्याची. साडेआठच्या सुमाराला ऊन लागलं की छताचा पत्रा फुगतो आणि टक्... टक्... वाजायला लागतो. त्याला लोक ‘पत्रा बोलला’ म्हणतात. पत्रा बोलला की सकाळचं गाणं आवरतं घ्यायचं, गाणारा कितीही मोठा असो.

मी वाशिमच्या इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत रिठदला आले की शेजारपाजारची मुलं मला मधे उभं करायची. “मॅडम, एकोणसत्तर म्हणजे किती वो?” मला यायचं नाही. आलं तरी बोलता यायचं नाही. घरात मी पुस्तकी मराठी बोलायचे आणि ती सगळी वऱ्हाडी, त्यामुळे मी तोंड उघडलं की हसू फुटायचं. मग मी तोंड उघडणंच सोडलं. कोण कुठे बसलंय, कुणी कुणाकडे पाहिलं, कुणाचा चहा गार झाला, हे मला सगळं दिसायचं. मी बाराएक वर्षांची असताना आत्यानं मला एका सकाळी खोलीत बोलावलं, तानपुरा उभा करून माझ्या खांद्याला टेकवला आणि म्हणाली, “तुले बोलायचं नाई ना? मंग ह्याच्यामागं बस. ह्याच्यामागं बसलेल्या बाईले कोणी काई इचारत नाई.”

तेव्हा मला वाटलं होतं, ती फक्त माझ्याबद्दल बोलते आहे.

त्या मे महिन्यापासून मी तिच्या शेजारी, गाणाऱ्याच्या पाठीमागे बसू लागले. पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांत मी गायकांच्या पाठी पाहिल्या, घामानं चिकटलेले सदरे पाहिले, शालींची टोकं पाहिली. आत्यानं मला बोटं हळू ठेवायला शिकवलं, मणी सरकवून सूर बारीक मिळवायला शिकवलं, आणि जवारी लावायला. तार आणि घोडी यांच्यामधे एक सुती दोरा असतो. तो केसाएवढा इकडेतिकडे सरकवला की तार एकदम गुंजायला लागते, तीच जवारी. आत्याचे दोरे तिच्या जुन्या सुती साड्यांच्या पदरातून काढलेले असत. “आपल्या इकडं कापूस पिकतो, दोरा बाहेरून कायले आणायचा?” सुपारीच्या पितळी डबीत ती ते गुंडाळून ठेवायची. सुपारी ती खात नव्हती.

ती गाताना मी ऐकलं ते एकदाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी दिवाळीला रिठदला आले होते. उजाडताना जाग आली, पाणी प्यायला उठले, आणि आत्याच्या खोलीच्या दाराशी थांबले. आतून तानपुरा येत होता आणि त्यावर आवाज. मला सुरुवातीला कळलंच नाही की तो तिचा आहे. बोलताना तिचा आवाज शाळेतल्या बाईंचा होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. हा आवाज खाली होता, घट्ट, थोडा खरखरीत, एका सुरावर खूप वेळ थांबून मग पुढे सरकणारा. मी किती वेळ उभी होते माहीत नाही. पाय गार पडले होते. मग माझ्या हातातला पेला दाराला लागला आणि आवाज तुटला.

“कधी उठली?” आत्या दार उघडून म्हणाली.

“आत्ताच.”

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. “चहा ठेवू?”

“ठेव.”

संपलं. मी तिच्या जागी असते तर मला हेच हवं असतं, समोरच्यानं काही ऐकलंच नाही असं दाखवावं. मी आपली समजूतदारपणे वागले असं मला वाटलं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तिला माहीत होतं की मी ऐकलंय, आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे.

मी संगणकावर काम करते म्हणून महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका टाइप करण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आत्या रेघांच्या फुलस्केप कागदावर हातानं यादी करायची. चार रकाने. गाणारा, पट्टी, तबला-पेटी, तानपुरा. गाणाऱ्याचा सा कुठल्या सुरावर धरायचा ती त्याची पट्टी, आणि ती आधी कळली की तानपुरे मिळवून ठेवता येतात. तानपुऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर असायचा, “सिंधू, रेवा.” रेवा म्हणजे मी. कमलकाकू त्या कागदाचा फोटो काढून मला पाठवायच्या, दरवर्षी तिरका आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा.

मागच्या वर्षीच्या यादीत तिसऱ्या दिवशी सकाळची शेवटची ओळ वेगळी होती. गाणारा या रकान्यात “सिंधू.” पट्टी, “काळी चार.” तबला, “गजानन.” तानपुरा, फक्त “रेवा.” मी ती ओळ वाचली आणि मला वाटलं, आत्या दमली. इतकी मोठी यादी, शेवटी येता येता नाव चुकून पहिल्या रकान्यात पडलं. मी ते उचलून तानपुऱ्याच्या रकान्यात, माझ्या नावाच्या आधी, नेहमीच्या जागी ठेवलं. आता गाणाऱ्याची जागा रिकामी राहिली, म्हणून तिथं ‘समारोप’ लिहिलं. कामरगावच्या मुलांना संध्याकाळसाठी वाद्यं लावून पाहायला सकाळी थोडा वेळ हवा होता, तोही त्यात बसला. पट्टीच्या रकान्यातलं ‘काळी चार’ मी पुसलं. तानपुऱ्यावर बसणाऱ्या बाईच्या नावापुढे पट्टी कोण लिहितं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. इतकी वर्षं त्या यादीत वाढलेल्या मुलीला तर नक्कीच. नाही पडला. उलट सगळं नीट बसल्याचा आनंद झाला.

एक फोन पुरला असता. पण मी फोन करत नाही, शक्यतो उचलतही नाही. कमलकाकूंच्या नंबरवर मेसेज टाकला, “यादी झाली, आत्याला दाखवा.” दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही, आणि उत्तर न येणं मला नेहमीच सोयीचं वाटतं.

पत्रिका मोठ्या अक्षरांत छापून गोदामाच्या दाराशी लावली होती. पहिल्या दिवशी पहाटे आत्यानं चष्मा चढवून ती वाचली. बराच वेळ वाचली. मी शेजारी तानपुरा धरून उभी होते. “रेवा, ही शेवटची ओळ...” ती म्हणाली, आणि थांबली.

“काय झालं? चुकलं का काही?”

“काई नाई. अक्षर मोठं केलं तू, बरं केलं. म्हाताऱ्याईले दिसते.”

तिसऱ्या दिवसाची सकाळ मी आता इतक्या वेळा आठवली आहे की खरं किती आणि मागाहून चिकटलेलं किती, सांगता येणार नाही. पण एवढं खरं, की तिनं मोरपंखी रंगाची कोरी साडी नेसली होती. पहाटे सगळ्यांसाठी चहा आला तर तिनं घेतला नाही, थर्मासमधून कोमट पाणी प्यायली. घरचा लहान तानपुरा, जो ती केनवडला कधी आणायची नाही, तो बरोबर आणला होता आणि पहिल्या गायिकेच्याही आधी मिळवून बाजूला आडवा ठेवला होता. मी त्याच्या तारा हळूच छेडून पाहिल्या. काळी चार. त्या सकाळी काळी चारमध्ये गाणारं कुणी नव्हतं.

“ही कोणासाठी लावली?”

“असू दे. लावून ठेवली.”

हे सगळं मला दिसलं. साडी, कोमट पाणी, तानपुरा. मला सगळं दिसतं, फक्त त्याचं काय करायचं ते कळत नाही. अकोल्याहून आलेल्या बाई शेवटी होत्या; त्यांचं गाणं संपलं तेव्हा सव्वाआठ व्हायचे होते. पत्रा अजून बोलला नव्हता. आत्यानं लहान तानपुरा उचलून मांडीजवळ उभा केला. गजाननकाकांनी हातातली छापील पत्रिका पाहिली, माइक ओढला आणि म्हणाले, “तं मंडळी, सकाळचं गाणं झालं. पोहे हायेत, कोणी उपाशी जाऊ नोका. आन् पोट्टेहो, तुमचे डबडे आणा आता आतमंदी.” लोक हसले, उठले, चपला शोधू लागले. आत्या तानपुऱ्याच्या दांडीला धरून तशीच बसली होती, मिनिटभर असेल. मग तिनं तो गवसणीत घातला आणि नाडी बांधली. तिच्या हाताला घाई नव्हती.

त्या संध्याकाळी ती कामरगावच्या मुलांबरोबर बसली होती. त्यांच्या एका गाण्याला तानपुऱ्याचा सूर हवा होता. “ओरडतेत, पण सुरात ओरडतेत,” हे त्यांच्याबद्दलचं तिचं कौतुक होतं. त्यांच्यातला गिटारवाला म्हणाला, “आत्या, गॉगल लावून देऊ का? भारी दिसान.” ती म्हणाली, “लाव बापा, दिवे तं डोळ्यातच मारून राह्यले तुमी.” मोठ्या काळ्या गॉगलमधे, तानपुरा धरून, दात दिसेपर्यंत हसणारी आत्या... तिचा हसरा फोटो तो एकच आहे. तेरवीला फ्रेममधे मात्र शाळेच्या ओळखपत्रातला लावला होता.

होळीनंतरच्या आठवड्यात ती गेली. दुपारचं जेवण झालं, ओसरीत सुपात गहू निवडायला बसली आणि तिथंच कलंडली. बाबांचे तीन फोन आले. मी तिन्ही उचलले नाहीत. “मीटिंगमध्ये आहे, मेसेज करा,” असं लिहून पाठवलं. बाबांनी मेसेज केला. दोन शब्दांचा. तो मी अजून पुसलेला नाही.

गवसणीतला कागद हा त्या यादीचा मूळ कागद होता. फोटोत जे आलं नव्हतं ते त्याच्या पाठीमागे होतं. पेन्सिलीनं लिहिलेलं, “वीस मिनिटं. जास्त नको. आधी गजाननला सांगायचं नाही, घाबरवते तो.” खाली एका बंदिशीचे सूर, मात्रांच्या खुणांसकट, दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेले. तेरवीच्या दुपारी मी कमलकाकूंना आडून आडून विचारलं, मागच्या उन्हाळ्यात आत्या घरी काही गात होती का. काकू म्हणाल्या, “गाणं? गाणं नाई माय. पण मार्च-एप्रिलात रोज पहाटी आ-आ करून राह्यली होती. म्या म्हटलं, ताई, दाढ दुखून राह्यली का? रिसोडले जाऊ, दाखवू. तं हसली लय. हसून हसून डोळ्याले पाणी आलं तिच्या.” आणि हे सांगताना काकूंच्याही डोळ्यांना आलं. मी त्यांना कागद दाखवायला हवा होता. पर्सची चेन उघडली, आणि लावून टाकली.

पुण्याला आल्यावर मला एका जागी बसता येईना. ऑफिसात स्क्रीनवर रकाने दिसले की शेवटच्या ओळीकडे नजर जायची. घरी पंख्याखाली पडले की त्याच्या आवाजात ते वाक्य यायचं, येत असतं तर गायली नसती का. उठून गच्चीवर जायचं, परत यायचं, फोन हातात घ्यायचा. गजाननकाकांना किती मेसेज लिहिले आणि पुसले. कधी वाटायचं, पत्रिका वाचून तिला सुटल्यासारखंही झालं असेल, छातीवरचा दगड उतरला असेल. पण मग लहान तानपुरा कशाला आणला असता तिसऱ्या दिवशी? कधी वाटायचं, तिनं स्वतः कुणाला सांगितलं नाही, तर मी कोण सांगणारी? हा विचार मला फार पटायचा. ज्या विचारानं मला गप्प बसता येतं तो मला नेहमीच पटतो. मग पुन्हा पडवी आठवायची. तिथल्या बायका चुकीचं काही बोलल्या नव्हत्या, त्यांना माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं ते माणूस दाराआड बसलं होतं. अशानं ते वाक्यच तिच्याबद्दलचं खरं होऊन राहणार होतं. जवारीचा दोरा बाई छान लावायची, गाणं काही येत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी गजाननकाकांचा फोन आला. त्यांचं नाव स्क्रीनवर पाहून मी हातानं फोन उलटा ठेवला, आणि मग, का कोण जाणे, सुलटा करून उचलला. “रेवा, गाणं करून राह्यलो आमी. ताई गेली म्हणून बंद कसं ठेवायचं? तू येशीन ना?”

“येते काका.”

“तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर दोन शब्द बोलशीन का?”

“नाही काका. मी फक्त तानपुरा वाजवेन.”

“बरं बापा. तू तं तिचीच भाची.”

केनवडला सगळं तसंच होतं. धूळ, सतरंज्या, चार कूलर, मठ्ठ्याची टाकी. स्टेजच्या कडेला तिचा फोटो, ओळखपत्रातलाच. तिची जागा रिकामी ठेवून मी दोन दिवस एकटी गाणाऱ्यांच्या मागे बसले. तिसऱ्या दिवशी पहाटे रिठदहून लहान तानपुरा आणला. तो मिळवायला बसले तर जवारी उघडेना. दोरा इकडे सरकवला, तिकडे सरकवला, तार नुसती ठक्क वाजत होती, डबा वाजवल्यासारखी. बोटांत दोरा सापडेना. दोनदा वाटलं, ठेवून द्यावा, कोण विचारणार आहे. मग पितळी डबी उघडली. आत तीन दोरे गुंडाळलेले होते, त्यातला एक मोरपंखी. नवी साडी तिनं त्या एका सकाळीच नेसलेली मला माहीत होती. ती जुनी व्हायच्या आतच आत्यानं तिच्या पदरातून दोरा काढला होता... मी तो तारेखाली घातला, नखानं किंचित ओढला, आणि तार गुंजायला लागली.

अकोल्याच्या बाई या वर्षीही शेवटी गायल्या. सव्वाआठ व्हायच्या आत संपवलं त्यांनी. कूलर पुन्हा सुरू झाले, लोक सैलावले. गजाननकाका माइकशी उभे राहिले. रात्रभर जागून काही लिहून आणलं असावं त्यांनी, पण कागद खिशातच राहिला. “सिंधूताईबद्दल काय सांगू,” ते म्हणाले. “सोता तं कधी तोंड उघडलं नाई तिनं. गाणं तिच्या नशिबात नव्हतं. पण सगळ्याईचा सूर सांभाळला. अशी माणसं...”  लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत, डाव्या बाजूला, पडवीतल्या त्या दोन बायका होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या, एकजण पदरानं डोळे पुसत होती. कमलकाकू त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसल्या होत्या.

मला बसवेना. लहान तानपुरा माझ्या खांद्याला होता, काळी चारमध्ये मिळवलेला, आणि माझी बोटं आपोआप चालू होती. नाही काका, असं नाही, एवढं तरी म्हणायचं होतं, पण कूलरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार, म्हणून मी त्यांचं लक्ष वेधायला डावा हात वर केला.

पहिला कूलर बंद झाला. मग दुसरा. मागच्या बाजूचे दोन्ही. निघायला उठलेली माणसं होती तिथं खाली बसली. ती सवय होती, तानपुऱ्यामागून हात वर गेला की बटण दाबायचं. गोदामात एकदम इतकी शांतता झाली की माझ्या तारा मलाच मोठ्या वाटायला लागल्या. सगळे माझ्याकडे पाहत होते, पाठीमागच्या बाईकडे. गजाननकाकांनी माइक माझ्यासमोर आणून ठेवला. वर कुठेतरी पत्र्यानं पहिली टक् केली.

मी पुण्याहून येताना चार वाक्यं मनात बांधून आणली होती, बोलणार नाही असं ठरवलेलं असतानाही. शुद्ध, नीट वाक्यं. त्यातलं एकही आठवलं नाही. मी बोटं थांबवली नाहीत. थांबवली असती तर उठून गेले असते.

“मागच्या वर्षी, या वेळेला, आत्या गाणार होती,” मी म्हणाले. “यादीत तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं, गाणाऱ्याच्या रकान्यात. मला वाटलं चुकून लिहिलं. म्हणून मी ते काढलं. तिला विचारलं नाही. हा तानपुरा तिनं त्या दिवशी स्वतःसाठी लावून आणला होता, याच पट्टीत, काळी चार.”  पडवीतल्या त्या दोघींपैकी एकजण पदर तोंडाशी धरून माझ्याकडे पाहत होती, आणि मी तिच्याकडे पाहूनच बोलले.

“काकू, तिले गाता येत होतं. मी ऐकलं आहे.”